खांदेरी-उंदेरी : एका जोडनावाची चिकित्सा

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. मराठी लेखनात मात्र मुंबई बंदराच्या मुखाजवळील, थळच्या किनाऱ्यासमोरील हे दोन जलदुर्ग बहुधा एका दमात उच्चारले जातात. नादसाम्यामुळे ही जोडी जिभेवर सहज बसते. इंग्रजांच्या तोंडीही तिचे ‘हेनरी-केनरी’ झाले. परंतु नादाने जुळलेली नावे इतिहासातही जुळलेली असावीत असे गृहीत धरणे, हा या लेखनातील मुख्य दोष होय.

तुलनेसाठी ‘पुणे-सुपे’ हे जोडनाव घ्यावे. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. भोसल्यांच्या जहागिरीत पुणे, सुपे व इंदापूर एकाच धन्याकडे होते. तेथे जोडनाव वस्तुस्थितीस धरून आहे. खांदेरीचे तसे नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याच्याकरवी खांदेरीवर तटबंदीचे काम आरंभिले. मिंचिन व केग्विन यांची इंग्रज जहाजे आडवी आली, ऑक्टोबरात समुद्रावर झुंज झाली. तरी किनाऱ्यावरून लहान होड्यांतून रसद पोचतच राहिली. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने उंदेरी व्यापून तेथून तोफा रोखल्या, त्या खांदेरीवरच. उंदेरी ही खांदेरीची सोबतीण नव्हे, तिला दिलेले उत्तर होय. ती मराठ्यांकडे आली १७६० च्या सुमारास. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे या ‘जोडी’वर परस्परविरोधी निशाणे होती.

‘बंदराचा रक्षक’ हे विशेषणही असेच सैलपणे योजिले जाते. आपल्याकडील विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे इंदापूरची गढी असते. गढी आपल्या पाठीशी असलेल्या वस्तीला राखते, हे खरे. पण खांदेरीने कोणाचे बंदर राखिले? मुंबई इंग्रजांची होती आणि सिद्द्याचे आरमार पावसाळ्यात तिच्याच आश्रयास राहत असे. त्या आश्रयाच्या वाटेवर नजर ठेवणे हेच खांदेरीचे प्रयोजन दिसते. तिला पहारेकरी म्हणावे, परंतु परक्याच्या दारावरील. इंग्रजांना हा अर्थ आपल्यापेक्षा लवकर उमगला होता, असे म्हणावे लागते. १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात ती असता, मुंबईचा गव्हर्नर बून याने तिच्यावर आरमार धाडले. ते हात हलवीत परतले.