हवेतील नत्राचा हिशेब

विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता, असे वर्गात विचारून पाहावे. विमान, अणुऊर्जा, दूरदर्शन, संगणक अशी उत्तरे येतील. व्हाक्लाव्ह स्मिल यांना यांपैकी एकही मान्य नाही. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत, हा त्यांचा कौल. 'एन्रिचिंग द अर्थ' (एमआयटी प्रेस, २००१) हे त्यांचे पुस्तक म्हणजे या एका विधानाचे विस्तृत समर्थन होय. खतांचा पाठ शिकविणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. त्यातील सगळेच मान्य करावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पाठ्यपुस्तकांत हेबर पद्धत साधारणतः एका समीकरणात आटोपते: उच्च दाब, उच्च तापमान, लोहाचा उत्प्रेरक. या ओळीमागे किती खटाटोप दडला आहे, हे स्मिल फार चांगले दाखवितात. १९०९ साली हेबर यांनी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत थेंबथेंब अमोनिया मिळविला, तो ऑस्मियम वापरून. हा धातू इतका दुर्मिळ, की त्यावर कारखाना चालणे अशक्य. मग मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या केल्या, तेव्हा कुठे थोडी इतर ऑक्साइडे मिसळलेले लोह हाती लागले. पुढची अडचण पोलादाची. दाबाखालील तप्त हायड्रोजन पोलादातील कार्बन खातो, पोलाद ठिसूळ होते आणि नळ्या फुटतात. बॉश यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर घातले आणि झिरपलेला हायड्रोजन निसटावा म्हणून बाहेरच्या पोलादाला छिद्रे पाडली! १९१३ साली ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला, तो या छिद्रांच्या बळावर. समतोलाचा नियम शिकविताना ही हकिगत सांगितली, तर मुले सहसा जांभया देणार नाहीत.

पुस्तकाचा गाभा आहे हिशेब. पिकातील प्रथिनांत किती नत्र आहे आणि त्यातले खतातून किती आले, हे मोजत स्मिल या निष्कर्षाला येतात, की शतकाच्या अखेरीस जगातील सुमारे ४० टक्के माणसांचे अन्न या अमोनियावर उभे होते. हा आकडा भाषणांतून सरसकट फेकला जातो. खुद्द स्मिल अधिक सावध आहेत. श्रीमंत देशांत हे नत्र मुख्यतः मांसाहाराची चैन पुरविते, तर जमीन अपुरी असलेल्या चीनसारख्या देशात ते जगण्याचा आधार आहे, असा भेद ते करतात.

'रासायनिक ते विष, शेणखत ते अमृत' असे फळ्यावर लिहिणाऱ्यांना हा हिशेब बोचेल, आणि बोचायलाच हवा. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. हेक्टरी १०० किलो नत्रासाठी २० टन शेणखत लागेल, आणि तेही पहिल्या हंगामात पुरते मिळणार नाही. शिवाय शेणातले नत्र वैरणीतून, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीतूनच आलेले असते. हवेतून नवे नत्र आणणारी पिके कडधान्यांची. ती घेतलेल्या रानात मात्र त्या हंगामात ज्वारी-गहू नसतो.

आमची तक्रार वेगळी आहे. नत्राच्या जमाखर्चात जमीन ही नुसती वही होऊन बसते. सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांना मिळालेली जागा आम्हांला अपुरी वाटते. टाकलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने निम्मेच पिकाच्या हाती लागते. बाकीचे नायट्रेट होऊन विहिरीत किंवा वायू होऊन हवेत जाते. हे स्मिल सांगतात. पण शेतकरी ते का उधळतो, हे त्यांच्या समीकरणांतून कळत नाही. आपल्याकडे त्याचे उत्तर बरेचसे किमतीत आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली, युरिया नियंत्रितच राहिला. आजही युरियाचे ४५ किलोचे पोते तीनशे रुपयांच्या आत मिळते. डीएपीच्या ५० किलोंना तेराशेहून अधिक मोजावे लागतात. उसाला युरियाची एक मूठ जास्त पडते, ती अडाणीपणामुळे नव्हे.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि कोष्टकांनी गच्च भरले आहे. सलग वाचणे जड जाईल. कारखान्याची प्रकरणे आधी घ्यावीत. वरच्या वर्गांना एक गणित लगेच देता येईल: युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका पोत्यात सुमारे २१ किलो, एक टन गव्हाच्या दाण्यांतही जवळजवळ तितकेच. मग एका टनाला एक पोते का पुरत नाही?