विंडोजच्या घरात युनिक्स : सिग्विनच्या माउंट-व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची युनिक्सशी ओळख होते ती पाठ्यपुस्तकातून. प्रयोगशाळेतील व घरातील यंत्रावर मात्र बहुधा विंडोजच असते. ग्रेप, सॉर्ट, सेड, ऑक या आज्ञा तो उत्तरपत्रिकेत लिहितो, पण चालवून पाहत नाही. ही दरी सांधण्यासाठी जी साधने निर्माण झाली त्यांत सिग्विन हे सर्वांत जुन्या साधनांपैकी एक होय. सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत १९९५ साली स्टीव्ह चेंबरलेन यांनी त्याचा आरंभ केला. पुढे ही कंपनी रेड हॅटमध्ये विलीन झाली. प्रस्तुत लेखात सिग्विनची ओळख करून देण्यापेक्षा त्याच्या मुळाशी असलेल्या एका कल्पनेची, म्हणजे माउंटची, चिकित्सा करावयाची आहे. आणि ती मराठी मजकूर हाताळणाऱ्याच्या दृष्टीने.

एका जमिनीचे दोन क्रमांक

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्ह हा स्वतंत्र वाडा असतो. सी, डी, ई अशी त्यांची दारे निरनिराळी. युनिक्समध्ये वाडा एकच. नवी चकती आली की तिला त्याच वाड्यातील एखाद्या दालनाशी जोडावयाचे, यालाच माउंट म्हणतात. सिग्विनने विंडोजच्या सी ड्राइव्हला /सिगड्राइव्ह/सी असे नाव दिले. फाइल जागची हलत नाही, तिची प्रतही होत नाही. फक्त तिच्याकडे जाण्याचा दुसरा पत्ता तयार होतो. आपल्याकडे एकाच शेताला जुना सर्व्हे क्रमांक आणि नवा गट क्रमांक असतो, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही क्रमांक खरे, परंतु त्यांचा मेळ घालणारी नोंदवही हाताशी नसेल तर घोटाळा अटळ असतो.

ही नोंदवही कोठे ठेवावी, याबाबत सिग्विनच्या कर्त्यांनी दीर्घकाळ जो मार्ग पत्करला होता तो तत्त्वतः सदोष होता, असे म्हणावे लागते. आरंभीच्या आवृत्त्यांत माउंटची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत होत असे. व्यवस्थेचे वर्तन ठरविणारी माहिती साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असावी, ही युनिक्सची मूळ धारणा. आणि युनिक्सचा आभास निर्माण करणारे साधनच ती माहिती रजिस्ट्रीच्या तळघरात ठेवत होते. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या १.७ या आवृत्तीने हा दोष दूर केला आणि नोंदी एफएसटॅब या साध्या फाइलीत आणल्या. तेव्हापासून माउंट ही आज्ञा हाताने दिली तर ती जोडणी तात्पुरती ठरते. सिग्विनची शेवटची प्रक्रिया बंद होताच ती पुसली जाते. विद्यार्थ्यांना याचा प्रारंभी त्रास वाटतो, तथापि कायमचे काय आणि तात्पुरते काय हे त्यातून आपोआप स्पष्ट होते. एफएसटॅबमध्ये पत्त्यातील रिकाम्या जागेसाठी तिरप्या रेघेपुढे ०४० हा अष्टमान अंक लिहावा लागतो, ही मात्र निव्वळ कटकट आहे. विंडोजने आपल्या मुख्य फोल्डरांच्या नावांतच रिकाम्या जागा ठेवल्याने ती टळतही नाही.

ओळीच्या शेवटचा वाद

माउंटच्या नोंदीत बायनरी आणि टेक्स्ट असे दोन पर्याय आहेत. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन बाइट्सची, युनिक्समध्ये एकच बाइट. टेक्स्ट पर्याय निवडल्यास वाचताना जादा बाइट गाळला जातो. वरकरणी ही सोय वाटते. परंतु मग फाइलीचा आकार व प्रत्यक्ष वाचलेले बाइट्स यांचा हिशेब जुळत नाही, आणि मजकूर नसलेली फाइल त्या मार्गाने गेल्यास बिघडू शकते. म्हणून बायनरी हाच पर्याय योग्य होय. अनुवादकाने मूळ संहितेतील अडचण परस्पर गिळून टाकू नये, हे साहित्यातील तत्त्व येथेही लागू पडते.

मराठी मजकुरावर याचा परिणाम काय होतो? ‘परभणी’ हा एकच शब्द फाइलीत लिहावा. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्हाला तीन बाइट्स लागतात. प, र, भ, ण आणि दीर्घ ईकाराची खूण मिळून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट्स. युनिक्सच्या रीतीने ओळ संपविल्यास डब्ल्यूसी ही आज्ञा १६ बाइट्स मोजते. जुन्या नोटपॅडमध्ये तीच फाइल युटीएफ-८ म्हणून जतन केल्यास आरंभी तीन बाइट्सची अदृश्य खूण आणि शेवटी दोन बाइट्स येऊन एकूण २० होतात. आता ‘परभणी’ने सुरू होऊन ‘परभणी’नेच संपणारी ओळ शोध, असे ग्रेपला सांगितले तर ती सापडत नाही. डोळ्यांना शब्द तोच दिसतो. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड ती आरंभीची खूण आपणहून घालत नाही. परंतु त्यापूर्वीच्या फाइली कार्यालयांतून पडून आहेतच.

अक्षर म्हणजे काय

येथे खरा प्रश्न उभा राहतो. डब्ल्यूसीला चिन्हे मोजावयास सांगितली तर ओळीची खूण वगळून ती ‘परभणी’त पाच मोजते, पहिलीतले मूल चार अक्षरे मोजते. रेव्ह या आज्ञेने शब्द उलटविल्यास ईकाराची खूण आधार नसताना सर्वांत पुढे येऊन उभी राहते. ही त्रुटी सिग्विनची नव्हे. एक बाइट म्हणजे एक अक्षर, हे समीकरण गृहीत धरून ही साधने जन्मली आणि पुढे त्यांना युनिकोडची जोड मिळाली, तरी अक्षराची मराठी कल्पना त्यांच्यापर्यंत पोचली नाही. १.७ पूर्वीच्या सिग्विनला तर देवनागरी नावाची फाइलही नीट हाताळता येत नसे.

तथापि सरसकट निषेधही योग्य नाही. परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे सॉर्टला दिली तर गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू, सोनपेठ असा क्रम मिळतो आणि तो आपल्या कोशक्रमाशी तंतोतंत जुळतो. ज्ञ, क्ष आणि ळ आले की मात्र क्रम बिघडतो. आपण ळ वर्णमालेच्या अखेरीस शिकवितो. युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे बसला आहे. याहून कठीण आहे तो ‘तऱ्हा’सारख्या शब्दांतील अर्धा र. तो दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो, कागदावर सारखाच उमटतो, आणि एका संकेताने शोधले असता ग्रेप दुसरा दाखवीत नाही. मराठीचे संशोधक जेव्हा शब्दसंख्या काढतात तेव्हा याची दखल घेतात काय, हे विचारणे आवश्यक आहे.

पर्यायांचा विचार

मायक्रोसॉफ्टनेही हा प्रयत्न वेळोवेळी केला. २००४ साली मोफत मिळू लागलेल्या ‘सर्व्हिसेस फॉर युनिक्स’मध्ये सी ड्राइव्हचे नाव /डेव्ह/एफएस/सी होते, २०१६ साली आलेल्या विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्समध्ये ते /एमएनटी/सी झाले. या व्यवस्थेच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल आभासी यंत्रात चालतो, त्यामुळे अस्सलपणात सिग्विन तिच्यापुढे टिकत नाही. विंडोजमध्ये फोर्क नसल्याने सिग्विनला एका प्रक्रियेची स्मृती दुसरीत उतरवून काढावी लागते व वेग मंदावतो, हा आक्षेपही मान्य करावा लागेल. परंतु त्या दुसऱ्या आवृत्तीतही /एमएनटी/सी वरील फाइली हाताळताना वेग घटतो, कारण तेथे दोन घरांच्या मध्ये भिंत आहे आणि प्रत्येक वस्तू खिडकीतून द्यावी लागते. सिग्विनमध्ये घर एकच असून पत्ते दोन आहेत.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी ध्वनीसह उपलब्ध करून दिले, ही मोलाची गोष्ट होय. पण ते पाठ उबुंटूवर दाखविलेले आहेत. ज्या प्रयोगशाळेत यंत्रावर प्रशासकीय अधिकार नाहीत आणि आभासीकरणाची सोय बंद ठेवलेली आहे, तेथे पाठ पाहून झाल्यावर विद्यार्थी काय चालविणार? सिग्विन प्रशासकीय अधिकारांवाचूनही बसविता येते. शिवाय एका यंत्रावर उतरवून घेतलेली पॅकेजे पेनड्राइव्हवरून इतर यंत्रांवर, इंटरनेटविना, बसविता येतात. ३.४ या २०२२ मधील आवृत्तीपासून ३२-बिट विंडोजचा आधार काढून घेण्यात आला, त्यामुळे सर्वांत जुनी यंत्रे या सोयीबाहेर पडली आहेत. वीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत अशी किती आहेत हे पाहूनच विभागाने निवड करावी.