अब्दुल करीमखाँ : तबकड्यांचा पुरावा

राजकारणी पुरुषामागें पत्रें राहतात, हिशेब राहतात. गवयाचें मुख्य कार्य ज्या क्षणीं घडतें त्याच क्षणीं विरून जातें, आणि मागें उरतात त्या शिष्यांच्या आठवणी, म्हणजे एक प्रकारच्या बखरीच. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्याविषयीं मात्र दुसऱ्या जातीचेंही साधन आहे. १९०५ च्या सुमारास, व पुन्हां त्यांच्या अखेरच्या वर्षांत, त्यांच्या गायनाच्या तबकड्या निघाल्या. त्यांस अस्सल कागदाची किंमत द्यावी काय?

झिंझोटी व भैरवी यांच्या लोकप्रिय तबकड्यांवरून खाँसाहेब हे ठुमरीच्या वळणाचे गवई होते, असें मत कित्येकांनीं करून घेतलें आहे. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावतें. किराणा गायकीचा प्राण म्हणजे एकेका स्वराची संथ बढत. तिला तेथें अवकाश कोठून मिळणार? फाटक्या पत्राच्या उरलेल्या चार ओळींवरून सबंध पत्राचा आशय ठरवूं नये, हा नियम येथेंही पाळला पाहिजे.

पट्टी व लय यांविषयींही हा पुरावा लंगडा आहे. जुन्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसे. यंत्र जलद फिरलें कीं आवाज चढतो आणि लयही वाढते. परंतु एका बाबतींत या साधनाची योग्यता मोठी आहे, व तिकडे चरित्रकारांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. वेग बदलला तरी सर्व स्वर एकाच प्रमाणांत चढतात वा उतरतात. षड्ज व गांधार यांमधील अंतर कायम राहतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींच्या अभ्यासांत खाँसाहेबांच्या गळ्याचें साह्य घेतलें होतें, आणि १९१६ च्या बडोदें येथील संगीत परिषदेंत श्रुतींच्या प्रश्नावर वाद माजला होता. त्या वादांत दोन्ही पक्षांचे ग्रंथ पुष्कळ वाचले गेले. ज्या गळ्यावर मापें घेतलीं तो गळा तपासावयाचा राहिला. जेथें मागें षड्जाचा आधार स्पष्ट ऐकूं येतो, तेथें तरी तो आजही मोजतां येईल.

शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांचें १९७२ सालचें विस्तृत चरित्र यामुळें निरुपयोगी ठरत नाहीं. पुण्यांतील आर्य संगीत विद्यालयाची हकीकत तबकडी सांगूं शकत नाहीं. मात्र गुरुभक्तीनें लिहिलेला मजकूर आणि पाहिलेला मजकूर वेगळा करून वाचला पाहिजे.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजीं पांडेचरीच्या वाटेवर सिंगापेरुमाळ कोइल स्थानकावर खाँसाहेब वारले. त्यांची कबर मिरजेस आहे. अखेरीस तंबोरा जुळवून त्यांनीं दरबारींत प्रार्थना म्हटली, असें सांगतात. दिवस व स्थळ यांस बाध येत नाहीं. रागाचें नांव मात्र केवळ सोबत्यांच्या स्मृतीवर उभें आहे.