ज्युलियाचे संभाषण आणि वाचनाचा करार

संहितेला अर्थ वाचक देतो, हे विधान मराठी समीक्षेत आता इतके रुळले आहे की त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रूढ साहित्याच्या परिघाबाहेरचे एक उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

जेम्स अ‍ॅस्प्नेस यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘टायनीमड’ हा खेळ रचला. दूरदूरचे अनेक खेळाडू संगणकजालावरून तो एकाच वेळी खेळत. त्यात चित्र नव्हते, आवाजही नव्हता. खोली, दार, माणूस, हालचाल, सारे शब्दांतच होते. त्याच विद्यापीठातील मायकेल मॉल्डिन यांनी या जगात ‘ज्युलिया’ नावाचे बोलके यंत्रपात्र सोडले. वाट विचारली तर ती खोल्यांचा मार्ग सांगे, कोण शेवटचे कोठे दिसले ते सांगे, निरोप पोचवी, आणि विषय अंगाशी आला की हॉकीकडे वळे. रचना साधीच: समोरच्याच्या वाक्यातील ठरावीक शब्द ओळखायचे आणि त्याला जोडलेले उत्तर द्यायचे. जोसेफ वायझेनबॉम यांच्या १९६६ च्या ‘एलायझा’मागेही हेच तत्त्व होते. मात्र एलायझा एका संशोधकाच्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाशी बोलत होती. ज्युलिया बोलत होती ती अशा वस्तीत, जिथे प्रत्येक रहिवासी फक्त शब्दांचाच बनलेला होता. तिच्या यशाचे श्रेय यंत्राच्या बुद्धीपेक्षा या वस्तीच्या संकेतांना अधिक जाते.

लेनर्ड फोनर यांच्या १९९३ च्या लेखात या प्रकरणाची दुसरी बाजू येते. ‘बॅरी’ या टोपणनावाने तेथे नोंदलेला एक खेळाडू कित्येक दिवस ज्युलियाचे मन वळवण्याचा प्रयत्न करीत राहिला. तिचे तुटक उत्तर त्याला आढेवेढे वाटले, तिचे विषयांतर लाजणे वाटले. वाचकाने रिक्त जागा भरण्याचा याहून शुद्ध नमुना मिळणे कठीण. तरी त्याला वाचनाचा विजय म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. कादंबरीचा वाचक पात्रावर जीव लावतो तो ती कादंबरी आहे हे ठाऊक असताना. बॅरीला ते ठाऊक होते असे म्हणता येत नाही.

शिंदखेड्याच्या गल्लीत पोलिसाच्या वेषात आलेला बहुरूपी दारात उभा राहून दम देतो, घरच्यांना क्षणभर घाबरवतो, आणि शेवटी बिदागी मागतो. बिदागी मागताच सोंग सोंग म्हणून पुरे होते. फसलेला माणूस स्वतःच हसतो. ज्युलियाच्या सोंगात बिदागीचा क्षणच नाही. तू यंत्र आहेस का, या प्रश्नासाठीही टोलवाटोलवीची उत्तरे योजलेली होती.

भाषेचा मुद्दा याच ठिकाणी येतो आणि त्याकडे पाश्चात्त्य चर्चेत लक्ष जाण्याचे कारणही नव्हते. इंग्रजीतील ‘मी’ लिंगनिरपेक्ष राहू शकतो. तेथे ज्युलियाचे स्त्रीत्व नावावर आणि वर्णनावर भागते. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतून निवड केल्याशिवाय अनेक साधी वाक्येही पुरी होत नाहीत. त्यातच समोरच्याला ‘तू’ म्हणायचे, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हेही आधी ठरवावे लागते. म्हणजे पात्राचे वय, नाते, पायरी हे सारे पहिल्याच उद्गारात उघडे पडते. शिंदखेड्याच्या खेळाडूने घरच्या अहिराणीत हटकले आणि उत्तर पाठ्यपुस्तकी मराठीत आले, तर त्या उत्तरामागे यंत्र आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. ते बाहेरच्याचे, बहुधा मास्तराचे वा साहेबाचे आहे, हा निवाडा तत्काळ होईल. यावरून मराठी वाचक फसणार नाही असे मात्र समजू नये. कर्त्याने ‘भाऊ’, ‘दादा’, ‘अक्का’ नेमके योजले, तर तो अधिक खोल फसेल, कारण नात्याचा शब्द उत्तरादाखल नातेच मागतो.

लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलाँ बार्त यांनी केली ती वाचकाच्या मुक्तीसाठी. ज्युलियाचा लेखक जिवंत होता. प्रत्येक टाळाटाळ त्याने आधीच लिहून ठेवली होती. बॅरीच्या त्या दिवसांत तो फक्त दिसत नव्हता, आणि ज्याला आपण वाचक आहोत हेच सांगितलेले नाही, तो मुक्त कशापासून होणार?