अल-जाहिझ आणि उत्क्रांतीचा दावा

डार्विनच्या हजार वर्षे आधी बसऱ्याच्या अल-जाहिझने (मृ. ८६८-६९) उत्क्रांतिवाद मांडला, असे विधान लेखांत आणि भाषणांत वारंवार आढळते. त्याला वजन लाभले ते अल्लामा इक्बाल यांच्यामुळे. मद्रास, हैदराबाद व अलीगढ येथील व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात स्थलांतर व परिसर यांमुळे प्राण्यांत होणाऱ्या बदलांकडे प्रथम निर्देश करण्याचे श्रेय जाहिझला दिले आहे. इक्बाल केवळ निर्देशाविषयी बोलतात. पुढच्यांनी त्याचा सिद्धान्त केला.

'किताबुल हयवान'मध्ये एक प्राणी दुसऱ्याचे भक्ष्य कसा होतो, याचे बारकाईने वर्णन आहे. मात्र त्यातून नवी जात उत्पन्न होते, असा निष्कर्ष जाहिझ काढीत नाही. ही रचना त्याला निर्मात्याच्या हिकमतीची खूण वाटते. अधिक जवळचे उदाहरण कृष्णवर्णीयांच्या गौरवार्थ लिहिलेल्या त्याच्या रिसाल्यात सापडते. अरबस्तानातील काळ्या दगडांच्या 'हर्रा' प्रदेशात माणसे, हरणे, शहामृग सारेच काळे असतात, आणि हा त्या भूमीचा परिणाम होय, असे तो म्हणतो. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु येथे रंग बदलतो, जात बदलत नाही.

इब्न मिस्कवैह (मृ. १०३०) आणि इब्न खल्दून (मृ. १४०६) खनिज, वनस्पती, प्राणी, मानव अशी चढती श्रेणी मांडतात. खजुरीचे झाड वनस्पतींच्या शेवटच्या पायरीवर, तर माकड मानवाच्या अलीकडे. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला पुढच्या टप्प्यात जाण्याची क्षमता असते, असेही इब्न खल्दून लिहितो. हे विधान धाडसी खरेच. तरीही श्रेणी म्हणजे वंशावळ नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळात एका जातीतून दुसरी कशी घडते, हा प्रश्न लामार्कने १८०९ मध्ये व्यवस्थित सिद्धान्ताच्या रूपात हाताळला. नैसर्गिक निवडीचे सविस्तर उत्तर डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आले.

हा भेद वर्गात स्पष्ट केला नाही, तर नुकसान आपलेच आहे. अतिरंजित दावा ऐकलेला विद्यार्थी उद्या मूळ ग्रंथ उघडील, तेव्हा त्याचा विश्वास केवळ शिक्षकावरून नव्हे, त्या परंपरेवरूनही उडेल. जाहिझला डार्विनचा पूर्वज ठरविण्याची गरज नाही. ऐकीव गोष्टींवर शंका घेणारा, अरस्तूचे म्हणणेही तपासून पाहणारा जाहिझ स्वतःच्या बळावर अभ्यासनीय आहे.