मुशीतले मेण

एखाद्या लेखकाला नावे ठेवताना 'एकाच मुशीतून काढलेल्या कथा' असे आपण सहज म्हणून जातो. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायातील मूस मात्र निराळी आहे. तेथे मेण निघून जाते आणि त्याची जागा धातूचा रस घेतो. आकार तोच, द्रव्य नवे. कुंडलिनीयोगाने पालटलेल्या देहासाठी ही उपमा योजिली आहे. अशी मूस ओतीव मूर्ती काढताना फोडावी लागते. तिच्यातून दुसरी प्रत निघत नाही. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रींतही वाळूचा साचा ओतकामानंतर मोडतात. पुन्हा वापरला जातो तो पॅटर्न. दोष द्यायचाच तर त्याला द्यावा. ओताऱ्याचा शब्द त्याचे काम न पाहता उचलला, की आपली टीकाच पॅटर्नवरून निघू लागते.