‘केहीमकर’ आडनांवाची व्युत्पत्ति

कोंकणांतील बेने इस्राएल समाजाच्या आडनांवांचा विषय निघाला म्हणजे ‘केहीमकर’ या नांवाविषयीं एक मत हटकून पुढें येतें. हिब्रूंत पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय ‘ईम’ असा आहे. बायबलांतील करूब-करूबीम हें त्याचें परिचित उदाहरण. यावरून ‘केहीम’ हा शब्दहि हिब्रू व आडनांव समुद्रापलीकडून आलेलें, असें कांहीं जण म्हणतात. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

शेवटचें अक्षर जुळलें म्हणजे शब्द जुळला असें होत नाहीं. उरलेल्या ‘केह्’चा धातु कोणता, अर्थ कोणता, हें कोणी दाखवीत नाहीं. उलट अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं किहीम गांव आजहि उभें आहे, आणि पुढचा ‘कर’ तर निखालस मराठी. पेणकर, रोहेकर, नवगांवकर हीं याच समाजाचीं आडनांवें त्याच सांच्यांतलीं. किहीमचें संस्कृत मूळ शोधावें असा मोह, जन्मभर व्याकरण घोकल्यामुळें, आम्हांसहि झाला. पण तो गांवाच्या नांवाचा प्रश्न, कुळाच्या नव्हे.

घोटाळा बहुधा या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांच्या नांवामुळें झाला असावा. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ सालीं लिहून झाला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. ‘हाईम’ म्हणजे जीवन. तेथील ‘ईम’ खराच हिब्रू. पहिलें नांव शास्त्रांतून आलें, शेवटचें गांवांतून.

वाद नुसत्या शब्दाचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु जुन्या कागदांच्या याद्या करणारे आडनांवावरून जात ठरवून मोकळे होतात. दिवेकर आडनांव चित्पावनांत आहे, तसेंच बेने इस्राएलांतहि आहे. मुंबईंत १७९६ सालीं या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युअल इझेकिएल. कागदांत नुसतें ‘दिवेकर’ आलें तर यादीकार त्यांस ब्राह्मणांत घालील, नुसतें ‘सामाजी’ आलें तर मराठ्यांत! ‘कर’ गांव सांगतो, धर्म नव्हे. पाहावयाची ती बापलेकांच्या नांवांची जोडी. इसाजी म्हणजे आयझॅक, मुसाजी म्हणजे मोझेस असूं शकतो. शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांस ‘शनवार तेली’ म्हणत. ती नोंद सांपडल्यास प्रश्न बहुतेक सुटतो. तोंवर यादींतील जातीचा रकाना कोरा ठेवावा.